हिमालयाचा सुपुत्र तेनसिंग

मुंबईच्या उपनगरांतील साकीनाका हा भाग कारखाने, दुकाने आणि वाहने यांनी सदैव गजबजलेला असतो. तेथील टेकड्यांच्या उतारांवर दाटीवाटीने घरे उभी आहेत. २६ जुलै २००५ या दिवशी मुंबईवर जणू आभाळच फाटले. सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी साकीनाक्याच्या टेकडीची दरड कोसळली. कित्येक घरे गाडली गेली आणि अनेक माणसे प्राणास मुकली. टेकडी तीच होती, उतारही तोच होता. परंतु मुरलेल्या पाण्याने मातीची पकड सुटली आणि वर्षानुवर्षे स्थिर वाटणारी भूमी क्षणात खाली आली.

उंच पर्वतांवर असेच घडते. तेथे मातीच्या जागी बर्फ असतो, एवढाच काय तो फरक. डोंगराच्या उतारावर साचलेला बर्फ एकाएकी सुटतो आणि गर्जना करीत दरीत कोसळतो. यालाच हिमप्रपात म्हणतात. त्याच्या वाटेत झाड येवो, घर येवो अथवा माणूस येवो, तो कोणाचीही गय करीत नाही. अशा हिमप्रपातांच्या छायेत ज्याने आपले सारे आयुष्य घालविले, बर्फाच्या लहरी ज्याने लहानपणापासून ओळखल्या आणि अखेर जगातील सर्वांत उंच शिखरावर ज्याने पाऊल ठेवले, त्या तेनसिंग नोर्गे यांची ही कथा आहे.

तेनसिंग यांचा जन्म १९१४ साली एव्हरेस्टच्या परिसरातील एका गरीब शेर्पा कुटुंबात झाला. नेपाळमधील खुंबू प्रदेशातील थामे या गावी त्यांचे बालपण गेले. आईवडिलांना तेरा अपत्ये झाली. त्यांतील बहुतेक लहानपणीच दगावली. या मुलाचे मूळ नाव नामग्याल वांगदी असे होते. पुढे एका थोर लामाच्या सांगण्यावरून ते बदलून तेनसिंग नोर्गे असे ठेवण्यात आले. धर्माला मानणारा भाग्यवान पुरुष, असा काहीसा त्या नावाचा अर्थ आहे.

थामेच्या आसपास शाळा नव्हती. याक चारणे हेच मुलांचे शिक्षण. याकांच्या मागे हिंडता हिंडता छोटा तेनसिंग कधी कधी फार उंच कुरणांपर्यंत जाई. तेथून त्याला आभाळात घुसलेले एक प्रचंड शिखर दिसे. जग त्याला एव्हरेस्ट म्हणत असे. शेर्पा लोक त्याला चोमोलुंग्मा म्हणत. त्या शिखरावर देवतांचा वास असून तेथे माणसाने जाऊ नये, अशी लोकांची श्रद्धा होती. तेनसिंगच्या मनात मात्र तेथे जाण्याची ओढ त्या कोवळ्या वयातच निर्माण झाली.

त्या शिखराच्या वाटेवर काय वाढून ठेवले आहे, हेही त्याच्या कानी लवकरच आले. तो आठ वर्षांचा असताना, ७ जून १९२२ रोजी, एव्हरेस्टच्या उत्तर बाजूस एक भीषण अपघात झाला. मॅलरी नावाच्या इंग्रज गिर्यारोहकाच्या पाठोपाठ दोरांनी बांधलेले भारवाहक नॉर्थ कोल या खिंडीचा उतार चढत होते. थोड्याच दिवसांपूर्वी त्या उतारावर नवा बर्फ पडला होता. तो चांगला बसला आहे, असे चढणाऱ्यांना वाटले. पण तो बसला नव्हता. उतार फाटला आणि नऊ भारवाहक एका हिमकड्यावरून खाली फेकले गेले. दोघांना जिवंत उकरून काढता आले. सात जण मरण पावले. एव्हरेस्टने घेतलेले हे हिमप्रपाताचे पहिले बळी. त्यांत एकही गोरा माणूस नव्हता. ओझी वाहून पोट भरण्यासाठी आलेले ते डोंगरी लोक होते. परदेशी साहेबांच्या मोहिमांच्या कथा शेर्पांच्या घराघरांत सांगितल्या जात. त्या ऐकत तेनसिंग मोठा झाला. अशा मोहिमेत जाणे म्हणजे मरणाशी गाठ आहे, हे त्याला ठाऊक होते; तरीही त्याची ओढ कमी झाली नाही.

वयाच्या अठराव्या वर्षी, १९३२ च्या अखेरीस, तो घर सोडून दार्जिलिंगला आला. हिमालयातील मोहिमांसाठी शेर्पा भारवाहकांची निवड तेथेच होत असे. १९३३ च्या मोहिमेत त्याला घेतले गेले नाही. दुधाची विक्री, मोलमजुरी अशी मिळतील ती कामे करीत त्याने दिवस काढले. १९३५ साली एरिक शिप्टन हा गिर्यारोहक एव्हरेस्टच्या पाहणीसाठी निघाला. आणखी दोन माणसे हवी होती. अनुभवी शेर्पांच्या रांगेत हा अननुभवी तरुण उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचे मनमोकळे हास्य शिप्टनला आवडले आणि त्याची निवड झाली. त्या हास्याने तेनसिंग यांच्या आयुष्याची दिशाच बदलून टाकली.

आता बर्फाचे जे ज्ञान तेनसिंग यांनी पुढे आयुष्यभर मिळविले, ते थोडे समजून घेऊ.

आकाशातून पडणारा बर्फ कापसासारखा हलका असतो. तो डोंगरावर एकाच वेळी पडत नाही. थरावर थर साचत जातो. प्रत्येक थराचा स्वभाव निराळा. वाऱ्याने दाबलेला थर कवचासारखा कठीण होतो, तर त्याच्या खालचा थर साखरेच्या दाण्यांसारखा सुटा राहू शकतो. पत्त्यांचा जोड एखाद्या कलत्या फळीवर ठेवला, म्हणजे वरचे पत्ते जसे घसरू पाहतात, तसेच हे थर घसरू पाहतात. उतार अगदी उभा असेल, तर बर्फ तेथे फारसा साचतच नाही. अगदी सौम्य असेल, तर तो घसरत नाही. तीस ते पंचेचाळीस अंशांचे मधले उतार मात्र अत्यंत धोक्याचे. आणि दुर्दैव असे की, चढण्यासाठी माणसालाही तेच सोयीचे वाटतात. अशा उतारावर माणसाच्या पावलाचा भारही कधी कधी पुरेसा होतो. एक रेषा उमटते, पाहता पाहता ती रुंदावते आणि सारा उतार तुटून खाली धावू लागतो.

वसंत ऋतूत बर्फाचे रूप दिवसातून दोनदा पालटते. रात्रीच्या थंडीने तो गोठतो आणि पहाटे फरशीसारखा कठीण असतो. दिवस वर आला की त्यात वितळलेले पाणी मुरू लागते. दुपारी तोच उतार लापशीसारखा मऊ व जड होतो आणि त्याची खालच्या थराशी असलेली पकड सुटते. म्हणून जाणते गिर्यारोहक अंधारातच निघतात आणि ऊन तापण्यापूर्वी धोक्याचे उतार ओलांडून जातात. नवा बर्फ पडल्यावर तो बसेपर्यंत एक-दोन दिवस थांबतात. हिमप्रपातात गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर निघाला, तर त्याच्या जगण्याची आशा मोठी असते. पुढे ती झपाट्याने मावळते. कारण थांबलेला बर्फ सिमेंटासारखा आवळून बसतो.

एव्हरेस्टवर आणखी एक अडचण आहे. हिवाळ्यातील घोंघावणारे वारे मे महिन्यात जरा शांत होतात आणि जूनच्या सुमारास मॉन्सून येऊन पोहोचतो. जो मॉन्सून आपल्या शेतांना जीवन देतो, त्याचीच बंगालच्या उपसागराकडून येणारी शाखा एव्हरेस्टच्या उतारांवर नव्या बर्फाचे ओझे आणून टाकते. या दोहोंच्या मधले थोडेसे दिवस, तेवढेच काय ते माणसाचे.

१९३६ साली तेनसिंग दुसऱ्यांदा एव्हरेस्टवर गेले. त्या वर्षी मॉन्सून फार लवकर आला. नॉर्थ कोलचे उतार नव्या बर्फाने भरून गेले. शिप्टन आणि विन हॅरिस हे दोघे चढत असताना त्यांच्या पायांखालचा बर्फाचा थर तुटून घसरू लागला. दैव बलवत्तर म्हणून ते वाचले. चौदा वर्षांपूर्वी सात भारवाहकांना गिळणारा उतार तोच होता. मोहीम अर्ध्यावरच सोडून द्यावी लागली. ज्या दिवशी डोंगर नको म्हणतो, त्या दिवशी परत फिरावे, हा धडा बावीस वर्षांच्या तेनसिंग यांना तेथे मिळाला.

१९३८ च्या मोहिमेत त्यांनी आपल्या अंगचे बळ व जिद्द दाखविली. सर्वांत वरच्या तळासाठी ओझी नेताना दोन शेर्पा थकून परतले. त्यांनी वाटेत टाकलेले सामान आणण्यासाठी तेनसिंग पुन्हा खाली उतरले आणि ते पाठीवर घेऊन परत वर चढले. ८,००० मीटरांहून अधिक उंचीवर हे काम करणे किती कठीण असेल, याची कल्पनाच केलेली बरी. या मोहिमेनंतर त्यांना शेर्पांमधील व्याघ्र ही बहुमानाची पदवी मिळाली.

पुढे दुसरे महायुद्ध आले आणि मोहिमा थांबल्या. तेनसिंग चित्रळ येथे लष्करी अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात काम करू लागले. तेथेच १९४४ साली त्यांची पत्नी दावा फुती मरण पावली. दोन लहान मुलींना घेऊन ते दार्जिलिंगला परतले. पुढे आंग ल्हामू या बाईंशी त्यांचा विवाह झाला. मोहिमा नसताना तिच्या कष्टांवर संसार चाले.

१९४७ साली स्वित्झर्लंडचे काही गिर्यारोहक गढवालमध्ये आले. त्यांत आंद्रे रॉश नावाचे गृहस्थ होते. दावोस येथील हिमप्रपात-संशोधन संस्थेत काम करणारे ते नामांकित तज्ज्ञ होते. याक राखताना बर्फ ओळखायला शिकलेला शेर्पा आणि प्रयोगशाळेत बर्फाचे थर तपासणारा शास्त्रज्ञ हे दोघे एकाच दोराला बांधले गेले. केदारनाथ शिखरावर चढताना शेर्पांचे सरदार वांगदी नोर्बू हे एका स्विस गिर्यारोहकासह घसरून खाली पडले. वांगदींचा पाय मोडला. त्यांना त्या रात्री तेथून हलविणे शक्य झाले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना सोडवून आणण्यासाठी जे वर गेले, त्यांत तेनसिंग अग्रभागी होते. त्यांनी आपल्या जखमी सरदाराला सुखरूप खाली आणले. त्यानंतर सरदारपद तेनसिंग यांच्याकडे आले. सरदार म्हणजे भारवाहकांचा प्रमुख. कोणी किती ओझे घ्यावे, कोणत्या वाटेने जावे, हे तो पाहतो. आणि आपल्या माणसांच्या जिवाची जबाबदारीही त्याच्यावर असते. त्याच मोहिमेत तेनसिंग यांनी रॉश व इतर सोबत्यांसह ६,९४० मीटर उंचीचे केदारनाथ शिखर प्रथमच सर केले.

या जबाबदारीची खरी कसोटी १९५० साली लागली. थॉर्नली, क्रेस आणि मार्श हे तीन तरुण इंग्रज अधिकारी नंगा पर्वताकडे निघाले होते. हिवाळ्यात त्या पर्वतावर बर्फाची स्थिती कशी असते, हे त्यांना पाहायचे होते. नंगा पर्वत शेर्पांना चांगलाच परिचित होता. १९३४ साली तेथील वादळात तीन जर्मन गिर्यारोहक आणि सहा शेर्पा मरण पावले होते. १९३७ साली एका रात्री हिमप्रपाताने एक संपूर्ण तळ झोपेतच गाडून टाकला होता. त्यात सात जर्मन आणि नऊ शेर्पा असे सोळा जण गेले. दार्जिलिंगच्या शेर्पा वस्तीतील कित्येक घरांत त्या दुःखाची आठवण अजून ताजी होती.

डिसेंबरची कडाक्याची थंडी पडली होती. बर्फ खोल आणि सुटा होता. सोबतचे शेर्पा पुढे जाण्यास तयार होईनात. तेनसिंग यांच्यापुढे मोठा पेच पडला. ज्यांचे अन्न खाल्ले, त्यांची साथ सोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. परंतु या ऋतूत या पर्वतावर चढणे म्हणजे मरणाला बोलावणे आहे, अशी त्यांचीही खात्री पटली होती. सरदार म्हणून त्यांनी पुढे जाण्यास नकार दिला आणि साहेबांनाही परत फिरण्याविषयी विनविले. त्या तिघांनी ऐकले नाही. मार्श यांचे पाय थंडीने बधिर झाल्यामुळे ते परतले. थॉर्नली आणि क्रेस वर राहिले. खालून दुर्बिणीतून त्यांचा तंबू दिसत होता. मग वादळ आले. वादळ ओसरल्यावर पाहिले, तो तंबू तेथे नव्हता. तेनसिंग आणि मार्श त्यांच्या शोधासाठी त्या खोल बर्फात वर जाऊ लागले. पण थंडीने व बर्फाने त्यांना माघार घ्यावी लागली. ते दोन तरुण पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडले नाहीत.

मुलांनो, शिखरावर पाऊल ठेवणाऱ्यांची नावे जग लक्षात ठेवते. पण नंगा पर्वताच्या पायथ्याशी तेनसिंग यांनी घेतलेला निर्णय तितकाच धैर्याचा होता. त्या नकारामुळे त्यांच्या सोबत्यांचे प्राण वाचले. आणि तरीही हरवलेल्यांचा शोध घेण्यासाठी ज्या बर्फाला ते भीत होते, त्याच बर्फात ते स्वतः शिरले.

यानंतर १९५२ साली ज्या संधीची त्यांनी आयुष्यभर वाट पाहिली, ती आली. नेपाळने आपली दारे उघडल्यामुळे एव्हरेस्टवर दक्षिणेकडून जाण्याची वाट मोकळी झाली होती. स्विस मोहिमेत तेनसिंग नुसते सरदार नव्हते, तर बरोबरीचे गिर्यारोहक होते. रेमंड लँबर्ट यांच्याशी त्यांची गाढ मैत्री जमली. लँबर्ट यांच्या पायांची बोटे पूर्वीच हिमदंशाने गेली होती. एकमेकांची भाषा नीट येत नसतानाही दोघांचे उत्तम जुळले. ८,४०० मीटरांच्या आसपास एका लहानशा तंबूत त्यांनी एक रात्र काढली. अंथरूण नव्हते, चूल नव्हती. मेणबत्तीच्या ज्योतीवर बर्फाचे तुकडे वितळवून त्यांनी घसा ओला केला. झोप लागली असती, तर थंडीने प्राण गेले असते. म्हणून एकमेकांना चोळत, थोपटत त्यांनी पहाट केली. दुसऱ्या दिवशी, २८ मे रोजी, ते सुमारे ८,५९५ मीटरपर्यंत पोहोचले. इतक्या उंचीवर त्यापूर्वी कोणीही गेल्याची नोंद नव्हती. शिखर समोर दिसत होते. पण अंगातील शक्ती संपत आली होती. पुढे गेलो, तर परत येणार नाही, हे दोघांनीही ओळखले आणि ते मागे फिरले.

त्याच वर्षी शरद ऋतूत स्विस लोक पुन्हा आले. ३१ ऑक्टोबर रोजी ल्होत्से शिखराच्या उभ्या हिमभिंतीवर चढत असताना वरून बर्फाचे तुकडे कोसळले आणि मिंग्मा दोर्जे हा शेर्पा प्राणास मुकला. सरदार या नात्याने हा घाव तेनसिंग यांच्या जिव्हारी लागला. भेदरलेल्या सोबत्यांना धीर देणे भाग होते. हिमभिंतीची ती सरळ वाट सोडून देण्यात आली आणि अधिक सुरक्षित अशी वळणाची नवी वाट शोधून काढण्यात आली. मोहिमेला यश आले नाही; परंतु पुढच्या वर्षी विजयी झालेले लोक त्याच नव्या वाटेने वर गेले.

१९५३ साली कर्नल जॉन हंट यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश मोहीम निघाली. तेनसिंग यांचे वय एकोणचाळीस होते. ही एव्हरेस्टवरील त्यांची सातवी स्वारी. या मोहिमेत न्यूझीलंडचे एडमंड हिलरी हे मधमाश्या पाळणारे उंचेपुरे गृहस्थ होते. एप्रिलच्या अखेरीस खुंबूच्या हिमनदीतून उतरताना हिलरी यांनी एका भेगेवरून उडी घेतली. पलीकडचा बर्फ ढासळला आणि ते भेगेत कोसळू लागले. मागे दोराला बांधलेल्या तेनसिंग यांनी त्याच क्षणी आपली कुऱ्हाड बर्फात रोवली, तिच्याभोवती दोर गुंडाळला आणि हिलरींना अधांतरी तोलून धरले. त्या दिवशी दोघांना एकमेकांची पारख झाली.

२९ मेच्या पहाटे आभाळ निरभ्र होते. सुमारे ८,५०० मीटर उंचीवरील तंबूतून सकाळी साडेसहा वाजता दोघे निघाले. दक्षिण शिखराच्या खाली एक उभा उतार होता. वर वाऱ्याने दाबलेले पातळ कवच आणि खाली भुसभुशीत बर्फ, अशी त्याची घडण होती. हिमप्रपाताला याहून अनुकूल असे काय असणार! हिलरींच्या पावलासरशी कवच तुटे आणि त्याचा तुकडा त्यांच्यासह खाली घसरे. खाली हजारो फुटांची दरी होती. हिलरींनी थांबून तेनसिंग यांचे मत विचारले. हा बर्फ आपल्याला मुळीच पसंत नाही, हे तेनसिंग यांनी स्पष्ट सांगितले; परंतु शेवटचा निर्णय त्यांनी पुढे चालणाऱ्या सोबत्यावर सोपविला. दोघांनी जपून पाऊल टाकत जाण्याचे ठरविले. प्रत्येक पाऊल परीक्षेचे होते. अखेर कठीण बर्फ लागला आणि नऊ वाजता ते दक्षिण शिखरावर पोहोचले.

पुढील कडा अरुंद होता. उजवीकडे बर्फाचे छज्जे दरीवर झुकलेले होते. त्यांवर पाऊल पडले, तर छज्जा आणि माणूस दोघेही खाली जाणार! सुदैवाने डावीकडचा बर्फ चांगला घट्ट होता. कुऱ्हाडीने पायऱ्या खोदीत, आळीपाळीने दोर सांभाळीत ते पुढे सरकले. साडेअकरा वाजता चढण संपली. पुढे चढायला काहीच उरले नव्हते. ज्या शिखराकडे लहानपणी याक राखताना तेनसिंग टक लावून पाहत असत, ते शिखर त्यांच्या पायांखाली होते.

तेनसिंग यांनी कुऱ्हाडीला बांधलेली निशाणे उंच धरली. त्यांत संयुक्त राष्ट्रे, ब्रिटन, नेपाळ आणि भारत यांची निशाणे होती. त्यांनी बर्फात लहानसा खड्डा खणून देवतेसाठी थोडा खाऊ पुरला. धाकटी मुलगी निमा हिने दिलेली पेन्सिलही त्यांनी तेथे ठेवली. पंधरा मिनिटांनी दोघे उतरू लागले. तो धोक्याचा उतार पुन्हा उतरायचा होता. चढताना जितकी सावधगिरी बाळगली, त्याहून अधिक त्यांनी उतरताना बाळगली. कारण यशाच्या आनंदात पाऊल चुकते, हे तेनसिंग जाणून होते.

सारे जग आनंदले. नेपाळ, भारत आणि ब्रिटन या तिन्ही देशांनी तेनसिंग यांचा गौरव केला. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. शिखरावर पहिले पाऊल कोणाचे, यावर लोक वाद घालू लागले. आम्ही दोघे एका दोराने बांधलेले होतो, एवढेच तेनसिंग बराच काळ सांगत. पुढे आपल्या आत्मचरित्रात त्यांनी, हिलरी आपल्यापेक्षा काही पावले पुढे होते, हे सत्य मोकळ्या मनाने सांगून टाकले. लटक्या मोठेपणाचा त्यांना हव्यास नव्हता.

४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंग येथे हिमालय गिर्यारोहण संस्थेचे उद्घाटन झाले. पंतप्रधान पंडित नेहरू आणि बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी या कामी पुढाकार घेतला होता. तेनसिंग हे तेथे प्रत्यक्ष शिक्षणाचे प्रमुख झाले. त्यापूर्वी ते आपल्या काही शेर्पा सोबत्यांसह स्वित्झर्लंडला जाऊन शिकविण्याची पद्धत शिकून आले होते. एव्हरेस्ट जिंकणारा माणूस वयाच्या चाळिशीत पुन्हा विद्यार्थी होतो, ही गोष्ट लहान नव्हे. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. परंतु बर्फ वाचण्यात त्यांचा हात धरणारा क्वचितच कोणी असेल. दोर कसा बांधावा, कुऱ्हाड कशी रोवावी, कोणता उतार टाळावा आणि कोणत्या वेळी परत फिरावे, हे त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ तरुणांना शिकविले. १९६५ साली भारतीय मोहिमेतील नऊ जण एव्हरेस्टवर पोहोचले. त्यांत तेनसिंग यांचा भाचा नवांग गोंबू होता. आपल्या महाराष्ट्रातील तरुणांनीही ही परंपरा पुढे नेली. २०१२ साली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक एकाच मोहिमेत एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले.

१९७६ साली तेनसिंग निवृत्त झाले. ९ मे १९८६ रोजी दार्जिलिंग येथे त्यांनी देह ठेवला. त्यांनी पाहिलेला धोका मात्र आजही संपलेला नाही. १९६९ साली मनाली येथे भारत सरकारने हिम व हिमप्रपात यांच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन केली. तेथील शास्त्रज्ञ बर्फाचे थर, तापमान आणि वारा यांची नोंद घेऊन सैनिकांना व गावकऱ्यांना सावध करीत आले. २०२० साली ती संस्था एका मोठ्या संरक्षण-संशोधन संस्थेत विलीन झाली; काम पुढे चालूच आहे. असे असूनही १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या पायथ्याशी कोसळलेल्या बर्फाखाली सोळा नेपाळी कामकरी मरण पावले. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा शिखरावर गिर्यारोहण शिकणारे पंचवीसहून अधिक जण हिमप्रपातात सापडून गेले. विज्ञान वाढले, साधने सुधारली. पण डोंगराचा स्वभाव पालटलेला नाही.

साकीनाक्याच्या टेकडीवरची माती असो अथवा एव्हरेस्टवरचा बर्फ असो, उतार कोसळण्यापूर्वी अनेकदा काही खुणा दाखवितो. जमिनीला भेग पडते, पाण्याचा रंग गढूळ होतो, बर्फावर रेषा उमटते. त्या खुणा पाहण्यासाठी डोळे उघडे लागतात आणि पाहिल्यावर मागे फिरण्यासाठी मन खंबीर लागते. तेनसिंग यांच्यापाशी हे दोन्ही होते. सहा वेळा ते एव्हरेस्टवरून रिकाम्या हातांनी परत आले, म्हणूनच सातव्या वेळी शिखरावर जाण्यासाठी ते जिवंत राहिले.